एका शब्दासाठी दोन कोस

एका विशेषणासाठी उन्हात दोन कोस चालणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो माझा सासरा होता. लोहाऱ्यात तहसीलसमोर लिंबाखाली टेबल टाकून मामा लोकांचे अर्ज लिहायचे. बाकीचे अर्ज लिहिणारे ‘अखंड वहिवाट’ हे शब्द चवीपुरतं मीठ टाकावं तसे टाकतात. मामा मात्र ‘अखंड’ म्हटलं की पेनाला टोपण लावायचे. माझ्या लग्नात सगळी वडीलधारी मंडळी नवरीला ‘अखंड सौभाग्यवती हो’ म्हणत होती, हे सख्ख्या लेकीला म्हणाले, “सुखी राहा. अखंडाचं पुढं बघू.” मी शेजारीच उभा होतो हो!

एकदा एक म्हातारी आली. शेजाऱ्यानं तिच्या शेताची वाट नांगरून काट्या टाकल्या होत्या. वाट गेली तर शेत असून नसल्यासारखं. “वहिवाट अखंड हाय, लिवा की दादा,” म्हणाली. मामा उठले, तिच्यासंगं ती वाट चालायला निघाले. मीही फरफटत मागं. बांधावर त्यांनी विचारलं, “आक्का, मधी एकांदं साल खंड पडला का?”

म्हातारीनं वाटेवरच्या काट्यांकडं बघितलं. मग म्हणाली, “लेक गेला त्या साली रान पडीकच व्हतं.”

“मग अखंड लिवता येत न्हाय.”

ती मटकन खाली बसून रडायला लागली. माझं डोकं फिरलं. “मामा, एका शब्दानं काय आभाळ कोसळतंय?”

मामा तिच्यासमोर मातीत बसले. “त्या साली येळवस केली?” मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जेवायला जातात.

“पूजेची कडब्याची कोपी न्हाय घातली दादा. पर आंबिलीचं मडकं घिऊन एकटीच आले व्हते. शेतातल्या पाच दगडांच्या पांडवास्नी उपाशी ठिवू व्हय?”

“ह्याच वाटंनं?”

“दुसरी हाय कुठं?”

मामांनी तिथंच गुडघ्यावर कागद ठेवला आणि ‘अखंड’ लिहिलं, येळवशीसकट. सुनावणीत साहेबांनी खोदून खोदून विचारलं, म्हातारी तसूभर हलली नाही. वाट मोकळी झाली. मी त्या दिवसापासून मामांपुढं मोठ्यानं बोललो नाही.

आता मामा नाहीत. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत मेव्हण्यानं लिहिलं, ‘आपली आठवण अखंड राहील.’ मी पेन घेऊन तो शब्द खोडला. सुगीच्या धांदलीत आठ-आठ दिवस मामा माझ्या मनातसुद्धा आले नव्हते. खोडताना मात्र इतके आठवले, की पुढची अक्षरं दिसेनात; बाकीचा मजकूर बायकोनं वाचून दाखवला.