यांना सगळं कळायचं

आमचे हे दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. सगळा जन्म लोकांच्या तोंडात हात घालण्यात गेला, त्यामुळे आ वासलेल्या माणसाचं बोलणं यांना बरोबर कळतं. खुर्चीतली बाई तोंडात आरसा आणि कापसाचे बोळे घेऊन "आँ आऊ ओआँ" म्हणते आणि हे दाढ कोरता कोरता म्हणतात, "चुकलंच तुमच्या धाकट्या जावेचं." बाई डोळ्यांनीच हो म्हणते. माझं खणखणीत बोलणं मात्र या माणसाच्या डोक्यावरून जातं.

नात झाली आणि यांची चंगळ झाली. बोलायचं वय झालं तरी पोरगी एक शब्द उच्चारेना. नुसतं आ, ऊ, अ. आम्ही काळजीत आणि हे खुशीत. "तिला निळा मोजा हवाय. उजव्या पायातला." तो दिला की बाईसाहेब गप्प. दोघं गॅलरीत बसून तासन् तास गप्पा हाणत. मग हे आत येऊन सांगत, "तिला आपले नवे पडदे आवडलेले नाहीत."

पडदे मी निवडले होते. "हे तिचं मत की तुमचं?"

"तिचंच. मी तुझी बाजू घेतली."

शेवटी सुनेनं तिला मुलांच्या बोलण्याच्या तज्ज्ञ बाईंकडे नेलं. कान उत्तम, जीभ उत्तम. बाई म्हणाल्या, "न बोलता सगळं हातात पडतंय, तर ती बोलेल कशाला? जरा वाट बघा, तिला शब्दाची गरज पडू द्या."

घरी येताच सुनेनं फर्मान काढलं. "बाबा, आजपासून तुम्हाला काही कळत नाही."

"पण मला कळतं गं."

"नाही कळत. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

यांचा चेहरा एवढासा झाला. अख्ख्या घरात ती बोलायची फक्त यांच्याशी, आणि आता तिलाच ओळख दाखवायची नाही!

न कळण्याचा सराव यांनी दवाखान्यात केला. पेशंटच्या तोंडात दोन बोटं ठेवून म्हणायचे, "काही कळलं नाही. स्पष्ट बोला." एक गृहस्थ गळ्यातल्या कागदी रुमालासकट उठून गेले, ते परत आलेच नाहीत.

घरी खरी परीक्षा. फिरायला जायची वेळ झाली की नात चपलांच्या कपाटापाशी उभी राहून "अ-अऽ!" करायची. हे छताकडे बघत बसायचे. ती ओरडली. हे ढिम्म. तिनं यांच्या दोन्ही कानांत डोकावून पाहिलं, गालांवर थापट्या मारल्या, यांचा चष्मा काढून पुन्हा घातला. असे कित्येक दिवस गेले. यांचं जेवणावरून मन उडालं.

मग एका संध्याकाळी तिनं यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अगदी जवळ आली आणि मठ्ठ माणसाला समजावावं तसं सावकाश म्हणाली, "चप्-पल."

सुनेनं किंचाळून आमच्या मुलाला फोन लावला. मी टाळ्या वाजवल्या. हे मात्र जागचे हलले नाहीत. बघते तर डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अहो, रडताय काय? बोलली की पोरगी!"

"बोलली ना," हे म्हणाले. "आता ती कुणाशीही बोलेल."

नातीनं यांचा हात ओढून पाहिला. मग माझ्याकडे वळून तिनं तोच शब्द पुन्हा म्हटला. मला कळला. मी कपाटातून तिची चप्पल काढून तिच्या पायात घातली आणि आम्ही दोघी फिरायला गेलो.