नकाशात नसलेला जोड

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, आणि खरं सांगायचं तर विसरायचा मला हक्कही नाही. बाभुळगावकडच्या एका जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याची, लोखंडी शेड वादळी वाऱ्यात भरदुपारी खाली बसली. आत कापूस सारणारी एक बाई जागीच गेली. मी तेव्हा तिथला ठाणेदार होतो.

पंचनाम्यात दिसलं ते एवढंच, की छताच्या कैचीचा, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचा, खालचा आडवा अँगल मधल्या जोडाच्या भोकापाशी फाटला होता. शेडचं डिझाइन करणारा यवतमाळचा तरुण इंजिनिअर मी त्याच संध्याकाळी उचलला. तो परोपरीनं सांगत होता, "साहेब, तो अँगल दोन्ही टोकांकडून ओढला जातो. माझ्या नकाशात तो अखंड आहे, मध्ये जोडच नाही." मी खेकसलो, "नकाशा कोर्टात दाखव." नकाशा तर जप्तीच्या मालात माझ्याच कपाटात होता. उघडून बघायला पाच मिनिटं लागली नसती. मी बघितला नाही.

बाईचा नवरा त्याच जिनिंगवर ट्रॅक्टर चालवायचा. रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायचा. "त्याले सोडू नका साहेब. माह्या घरातलं माणूस खाल्लं त्यानं." मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि तो राग मी इंजिनिअरवर काढायचो.

आठव्या दिवशी एका हमालानं आमच्या हवालदाराला टपरीवर सांगितलं, की हंगामाच्या सुरुवातीला तो अँगल कापला होता. तो कापणाऱ्या वेल्डरला आणलं. तो म्हणाला, "ट्रॉली शिगोशीग भरून आली का त्या अँगलले अडकत होती. मधातला तुकडा काढला अन् वर वाकवलेली पट्टी बोल्टानं जोडली. वजन छताचं, ते वरच राह्यते. खालचा अँगल नुसता बांधायले असते, असं समजलो मी."

गॅसनं पाडलेली भोकं अंगठा जाईल एवढी होती. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी मला नंतर समजावलं, ओढ सोसणाऱ्या लोखंडात भोकाशेजारी जेवढं उरतं तेवढीच त्याची ताकद. इथं काहीच उरलं नव्हतं.

"कापायला कोणी सांगितलं?" मी विचारलं. वेल्डरनं दारातून दिसणाऱ्या बाकाकडे मान वळवली. बाईचा नवरा डबा घेऊन बसला होता.

त्याला आत घेतलं. तो नाकबूल झाला नाही. "मॅनेजरले इचारलं होतं. तो म्हणे, कर काय करायचं ते, ट्रॉल्या थांबू नको देऊ. ट्रॉली खाली करता करता रोज अंधार पडे. माही बायकोच म्हणे, लवकर घरी जाता येईल."

मॅनेजर आणि वेल्डरवर दोषारोपपत्र गेलं. इंजिनिअर सुटला, पण त्यानं पुन्हा एकाही नकाशावर सही केली नाही. यवतमाळात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी त्या रस्त्यानं जात नाही.

खरं सापडलं की माणसाची सुटका होते, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. या केसनं तो समज पार मोडला. बाईच्या नवऱ्याचा जबाब मी साक्षीदार म्हणून घेतला. सही करून तो म्हणाला, "साहेब, इतके दिवस त्या इंजिनिअरले शिव्या देऊन झोप तरी लागे. आता कोणाले देऊ?"

मी जबाब लिहिणाऱ्या रायटरला पुढचा कागद घ्यायला सांगितलं.