ग्रहणातली वांगी

आमच्या न्हावऱ्यात लेकराचा ओठ फाटका निघाला की डॉक्टर लागत नाही. आईने ग्रहणात काहीतरी चिरलं, एवढं निदान कुणीही शेजारीण करून मोकळी होते.

रंभाचं तसंच झालं. ती माझ्या शेजारच्या पोपटरावाची बायको. लहानपणापासून तिला फिट यायच्या. माहेरच्यांनी पुण्याला दाखवून गोळ्या सुरू केल्या, फिट थांबल्या, आणि पोपटरावाने हे सगळं माहीत असून तिला करून आणली. तेवढ्यापुरता माणूस चांगला. पहिली मुलगी मात्र फाटक्या ओठाची झाली. पाजलेलं दूध तिच्या नाकातून यायचं. सासू सरूबाईने लगेच ग्रहण आठवून काढलं, वांगी आठवून काढली. ती वांगी सासूनेच चिरायला दिली होती, पण बोलणार कोण? उलट रंभाच चार बायकांत म्हणायची, माझ्याच हाताने मी लेकराचा ओठ चिरला.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा पोपटराव गोळ्या आणायला दौंडच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने त्याला सांगितलं, या गोळ्यांनी कधीकधी पोटातल्या मुलाला व्यंग येतं. पण एकदम बंद केल्या तर फिट उसळतील आणि दोघांच्याही जिवावर बेतेल. बायकोला घेऊन या, तिच्याशी बोलून ठरवू. यातलं व्यंगाचं तेवढं अर्धंच पोपटरावाने घरी आणलं, आणि तेही आईला सांगितलं. पोटुशी बाई, तिच्या जिवाला कशाला घोर! गोळ्या आता लागत नाहीत, एवढंच रंभाच्या कानावर आलं. तिला आनंदच झाला.

त्याच सुमारास ग्रहण होतं. पाण्याचा थेंब न घेता रंभा खाटेवर सरळ पडून राहिली, कूससुद्धा बदलली नाही. आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. पुढच्याच आठवड्यात भाकरी थापताना तिला फिट आली आणि ती चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत जळाला. पोटातलं गेलं.

दौंडच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. डॉक्टर पोपटरावाला झाडत होता, ते ऐकता ऐकता तिला सगळं कळलं. तिने आधी मुलीचं विचारलं. गोळ्यांनी झालं असेल, नसेलही, डॉक्टर म्हणाला. वांग्यांनी मात्र नक्की नाही.  मग रंभा नवऱ्याकडे वळली.

“पोर माझ्या पोटात, गोळी माझ्या तोंडात. आन् मला सोडून समद्यांनी ठरवलं व्हय?”

  इतकी वर्षं डॉक्टरही नवऱ्याच्याच हाती गोळ्या देत आला होता. मला दोघांचाही संताप आला.

बरी झाल्यावर रंभा स्वतः एसटीने दौंडला जाऊ लागली. गोळी किती कमी करता येईल, मूल हवं तर धोका किती, नको म्हटलं तर काय, सगळं खोदून खोदून विचारायची. विचार करायला तिने वर्ष घेतलं. मग मूल हवं म्हणाली, आणि गोळीही चालू ठेवली.

तिसऱ्या खेपेला सहावा महिना होता आणि ग्रहण लागलं. गाव दारं लावून बसलं. रंभा ओट्यावर विळी घेऊन बसली, डाव्या हाताने वांगी चिरत. फाटक्या ओठाची लेक फोडी पाण्यात टाकत होती. आत सरूबाईचा जप चालला होता. मला राहवेना. भीती नाही वाटत का गं, मी दाराआडून विचारलं.

“वाटती की,” ती म्हणाली. “पर गिराणाची न्हाई, गोळीची. आन् ती मी इचारून घेतलीया.”