सुरुवात कुठून झाली?

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे भूकंपाचा विषय काढू नये. भूकंप सुरू कसा होतो, हे शोधायला ते वर्षातले काही महिने परदेशातल्या सोन्याच्या खोल खाणींत उतरतात. उरलेले महिने आमच्या डोक्यावर असतात. "अहो, जमीन हलल्यावर सगळेच धावतात. खाणीत कुठला खडक तुटणार याचा अंदाज असतो, म्हणून आम्ही आधीच यंत्रं लावून बसतो," हे मी लिफ्टमध्ये इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली जिनाच चढतो.

टाकी गळो नाहीतर पार्किंगवरून भांडण होवो, यांचा प्रश्न एकच: "सुरुवात कुठून झाली?" पाणी जिन्यावर वाहतंय आणि हे भिंतीला कान लावून उभे!

गेल्या रविवारी मी स्वयंपाकघरात ड्रिल चालवलं आणि टाइल तडकली. "सांगितलं होतं ना, माणूस बोलाव म्हणून!" बायको कडाडली. मीही आवाज चढवला. तेवढ्यात बेल वाजली. आवाज ऐकून हे खाली आले होते. आम्हा दोघांच्या मधून सरळ आत गेले, तड्यावरून बोट फिरवत शेगडीपर्यंत पोहोचले आणि ती सरकवून वाकले.

"सुरुवात इथे आहे. आत तेलकट मळ बसलाय, म्हणजे चांगली जुनी आहे. आज फक्त तुमच्या लक्षात आली."

बायको माझ्याकडे बघत राहिली. ते टाइलबद्दलच बोलत होते, हे मी तिला अजून पटवतोय.