लाल ठिपक्याचा गिलास

आमच्या घरात पॉझिटिव्ह या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो करोनाने शिकवला होता. पॉझिटिव्ह म्हणजे मागच्या पडवीत जाऊन पड, ताट उंबऱ्यावरून सरकवू. शेजारचा म्हातारा तेव्हा पॉझिटिव्ह निघाला तो घरी परत आलाच नाही. त्यामुळे माझ्या रक्ताच्या रिपोर्टात तो शब्द आला तेव्हा पुढे काय करायचं ते माझ्या सासरच्यांना पाठच होतं.

आरमोरीतल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मला आयाचं काम मिळणार होतं. सुयांशी, रक्ताशी संबंध येणार म्हणून त्यांनी आधी कावीळ ब ची तपासणी करून आणायला सांगितली. रक्त एकदाच काढतात, पण त्यात दोन गोष्टी बघतात: रोग अंगात आहे का, आणि त्या रोगाला अडवायची ताकद अंगात आहे का. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. लॅबवाल्याने दंडाला रबर बांधलं, रक्त घेतलं आणि मोबाइल नंबर विचारला. माझा फोन पोरीने पाण्याच्या बादलीत बुडवला होता, म्हणून मी नवऱ्याचा नंबर दिला.

रिपोर्ट त्याच्या व्हॉट्सॲपवर आला. पहिल्या ओळीत निगेटिव्ह, दुसरीत पॉझिटिव्ह. नवरा बारावी शिकलेला आहे, पण दोन ओळी समोर आल्या की त्यातली वाईट वाटेल तेवढीच वाचतो. ती त्याने आईला वाचून दाखवली. मी बाजारातून आले तर माझं ताट आणि माझा गिलास चुलीजवळून उचलून मागच्या पडवीत ठेवलेले. गिलासाच्या बुडाला सासूने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. नेलपॉलिशही माझंच, लग्नातलं.

"काऊन बाई?" मी विचारलं.

"तू पॉझिटिव्ह हायेस. पोरीले आता माह्याजवळ निजू दे."

पोरगी चार वर्षांची. माझा पदर मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. मी नवऱ्याकडे बघितलं, तो मोबाइलकडे बघत होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि हसल्या. "तुला रोग नाही. दुसरी ओळ चांगली आहे. कधी लस घेतली असशील, नाहीतर लहानपणी होऊन गेली असेल. आता तुला ही कावीळ होणार नाही. आणि ज्याला असते त्याच्या ताटा-गिलासानेही ती कोणाला लागत नाही."

मी घरी येऊन शब्दाला शब्द सांगितला.

"नोकरी पायजे म्हून सांगून राह्यली," सासू म्हणाली.

"पॉझिटिव्ह चांगलं कसं असन?" नवरा म्हणाला. मला हसू आवरलं नाही, आणि त्या हसण्याने माझी उरलीसुरली बाजूही गेली.

मग सासूने एका झाडपाल्यावाल्याकडून काविळीची माळ आणली. मुळ्यांचे तुकडे ओवलेली ही माळ डोक्यावर ठेवतात. ती सैल होत गळ्यात, गळ्यातून कमरेपर्यंत उतरली की कावीळ उतरली. माझी माळ कानांवर अडकली. माझे कान मोठे आहेत, पण सासूने त्याचा अर्थ रोग चिवट आहे असा घेतला.

पोरगी लवकर शिकली. मी उचलायला गेले की मागे सरायची. "आई, तू पाझिटी हायेस ना." मी पाणी मागितलं की एकेक गिलास उलटा करून बूड बघायची आणि लाल ठिपक्याचा शोधून माझ्यापुढे ठेवायची. "शाबास माही बाई," सासू म्हणायची आणि स्वतःच्या तोंडातला चावलेला घास तिला भरवायची. त्या बाईचा मी मनापासून द्वेष केला.

मी कामावर जाऊ लागले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, घरच्यांचीही तपासणी करून घे, म्हणजे त्यांना पटेल. सासू लगेच तयार झाली. माझ्यामुळे तिला काही झालं का, ते तिला बघायचं होतं. नवऱ्याच्या दोन्ही ओळी निगेटिव्ह आल्या. सासूच्या पहिल्या ओळीत पॉझिटिव्ह, दुसरीत निगेटिव्ह. माझ्या नेमकं उलट.

पुढच्या तपासण्या झाल्यावर, रोग जुना आहे, लिव्हर पार खराब झालं आहे, इतकं व्हायला बरीच वर्षं जातात, सुनेचा यात काही संबंध नाही, असं डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं. सासूने सगळं ऐकून घेतलं आणि ऑटोत बसताना म्हणाली, "इच्यापासूनच आलं."

"असन," नवरा म्हणाला.

पोरीचं रक्त दिलं. रिपोर्ट येईपर्यंत मला ते चावलेले घास दिसत राहिले. तो आल्यावर दोन्ही ओळी मी स्वतः वाचल्या. रोग नव्हता. तान्ही असताना टोचलेल्या लशीने तिला वाचवलं होतं. पोरगी पुन्हा माझ्याजवळ झोपू लागली.

पुढे सासूच्या पोटात पाणी भरलं, रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. नवऱ्याने लस घेतली होती, तरी तो दारातच उभा राहायचा. नणंद माजरीहून आली, नाकाला पदर लावून अंगणातूनच बघून गेली. मला मात्र सगळ्यांनी खाटेजवळ बोलावलं.

"तूच कर," नवरा म्हणाला. "तुले काई होत नाई ना."

रिपोर्टाची दुसरी ओळ अखेर सगळ्यांना समजली होती. मी उलटीचं घमेलं धुतलं, लुगडी बदलली, तिला कुशीवर वळवलं. मायेने नाही. दुसरं कोणी करणार नव्हतं म्हणून.

एका दुपारी सासूने पाणी मागितलं. पोरगी उठून मांडणीकडे धावली आणि गिलास उलटे करून बघू लागली.

"आई, आता आजी पाझिटी हाय ना?"

"हो," मी म्हटलं. गिलासाने काही होत नाही हे त्या घरात फक्त मला पटलेलं होतं. ते पोरीला सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

तिने लाल ठिपक्याचा गिलास शोधला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी धरून खाटेपाशी नेला. "आजी, हा तुहा."

सासूने गिलास घेतला. वर उचलून त्याचं बूड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"शाबास माही बाई," मी पोरीला म्हटलं.