दुपारची रेंज

माझं कामच तपासायचं आहे. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. समोर आलेला माल नीट बसतो का, हलतो का, कुठे चीर गेली आहे का, हे बघायचं आणि पास किंवा फेल म्हणायचं. घरी आल्यावरही ही खोड जात नाही. नवा कुकर आणला तरी मी आधी त्याचं झाकण पाच-सहा वेळा उघडून लावून बघते. नवरा म्हणतो, "लग्नाआधी मला कसं पास केलंस तेच कळत नाही." मी म्हणते, "तेव्हा घाई झाली."

त्यामुळे घरात मोबाइलच्या नेटवर्कचा प्रश्न निघाला तेव्हा तो आपसूक माझ्या गळ्यात पडला. प्रश्न आईचा होता. आई चांदवडला एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. निवृत्त झाल्यावर गावाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी तिने स्वतःच्या कमाईतून दोन खोल्या बांधल्या. भिंती अशा जाड की आत गेलं की फोनची रेंज गायब. बोलायचं तर ओट्यावर येऊन उभं राहायचं. बाबा गेले तेव्हापासून तिला नाशिकला आणायचा चंग दादाने बांधला होता. दादा माझा मोठा भाऊ, नाशिकमध्येच पाथर्डी फाट्याला राहतो. मनाने चांगला, पण काळजी करायला लागला की समोरच्याचं डोकं खातो.

एकदा असं झालं की सकाळपासून आईचा फोन लागेना. दादाने कामावरून सुट्टी टाकली, गाडी काढली आणि थेट चांदवड गाठलं. आई आत बसून शेंगा फोडत होती. फोन शेजारीच होता, रेंज नव्हती इतकंच. दादाने तिथेच जाहीर केलं, की पुन्हा असा फोन बंद लागला तर मी काही ऐकून घेणार नाही, तुला उचलून नाशिकला नेणार. आई म्हणाली, "मी काय कांद्याची गोण आहे का उचलून न्यायला?" पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, असं दादानेच मला नंतर सांगितलं. दादाचं दुसरं म्हणणं होतं की घरात कॅमेरा बसवू. त्यावर आईने त्याला जेवायलाच वाढलं नाही.

मी मध्ये पडले. म्हटलं, फोन लागत नाही हा फोनचा दोष आहे, आईचा नाही. मी बघते काय करायचं ते. दादा म्हणाला, "बघ. पण नाही जमलं तर तिला आणायचं. मग तू मध्ये पडायचं नाही." मी हो म्हटलं. बोलून बसले खरी, पण मला नेटवर्कमधलं काडीचं कळत नव्हतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने एका स्वस्तातल्या कंपनीचं नाव घेतलं. तो म्हणाला, "ताई, टॉवर यांचे कमी आहेत, खोटं कशाला बोलू. पण घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. फोन टॉवरवरून न जाता घरातल्या इंटरनेटवरून जातो. नंबर तोच, वेगळं काही करायचं नाही." मी म्हटलं, हे चालतं याचा पुरावा काय? तो म्हणाला, वापरून बघा. हे उत्तर मला पटलं. आईच्या हातात द्यायच्या आधी मी ते सिम माझ्याच फोनमध्ये घातलं.

मग मला नादच लागला. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. गॅसपाशी दोन दांड्या रेंज, सिंकपाशी एक, आणि मागच्या खोलीत कपाटाजवळ काहीच नाही. मुद्दाम लिफ्टमध्ये शिरून बघितलं, तिथे फोन मेला. कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं की मेला, गेटवरच्या चहाच्या टपरीपाशी आलं की जिवंत. रविवारी नवऱ्याला स्कूटर काढायला लावली. द्वारका चौकात रेंज फुल, कॉलेज रोडला फुल, गंगापूर धरणाकडे निघालो तशी एकेक दांडी गळायला लागली. मी मागे बसून फोन उंच धरलेला. लोकांना वाटत असेल, बाईला या वयात फोटोंचं काय वेड लागलंय. नवरा म्हणाला, "खाली घे तो हात, पोलीस थांबवतील." मी म्हटलं, "थांबवू दे, त्यांच्या फोनला किती रेंज आहे तेही विचारते."

स्पीडचं गणित निराळंच निघालं. पहाटे सगळं सुसाट. संध्याकाळी जो तो मालिका आणि क्रिकेट उघडून बसला की आमच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहायचं. असं का होतं, हे मी त्या मोबाइलवाल्याला इतक्या वेळा विचारलं की तो मला बघून दुकानाच्या आतल्या बाजूला जायला लागला. शेवटी एकदा वैतागून म्हणाला, "ताई, एकच नळ आहे आणि सगळी सोसायटी एकदम बादल्या घेऊन आली तर काय होणार?" मग कळलं. आधीच सांगितलं असतं तर त्याचा त्रास वाचला असता.

खरी परीक्षा वायफाय कॉलिंगची होती. मी फोन विमान मोडवर टाकला, म्हणजे टॉवरशी संबंधच तोडला. मग नुसतं वायफाय चालू केलं, बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि हॉलमध्ये बसलेल्या नवऱ्याला फोन केला. लागला. "कुठे आहेस?" तो म्हणाला. "बाथरूममध्ये." "मग बाहेर येऊन बोल ना, बाई." पण आवाज इतका स्वच्छ होता की मला त्याच्या बाजूचा पंखा ऐकू येत होता. मग विमान मोड काढला, पुन्हा फोन लावला आणि बोलत बोलत घराबाहेर पडले तर पार्किंगपाशी फोन तुटला. वायफाय सुटतं आणि टॉवर धरत नाही, त्या मधल्या चार पावलांत हे नेटवर्क लंगडं होतं. पण आईला पार्किंग नव्हतं. मी शेरा मारला, पास.

चांदवडला जाऊन आईचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलली आणि गावातल्या केबलवाल्याकडून वायफाय घेतलं. तो डबा कुठे ठेवायचा यावरून थोडी वादावादी झाली. शेवटी फडताळात बुद्धमूर्तीच्या शेजारी जागा मिळाली, कारण बटण तिथेच होतं. आईने डब्यावरचे दिवे निरखून पाहिले, म्हणाली, "हिरवे आहेत तोवर मी नापास नाही ना?" मी नाशिकला परत आले आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. मला तिच्या तव्यावरची भाकरी सरकवल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी तिच्याशी फोनवर बोलत होते, पण तिचं घर मला पहिल्यांदा ऐकू आलं. मला फार बरं वाटलं, स्वतःचं कौतुकही वाटलं.

फोन लागायला लागला तसे फोन वाढले. सकाळी दादा, मग मी, मग वहिनी, मग पुन्हा दादा. वहिनीची आईसुद्धा करायची म्हणे. आणि साधारण आठवड्याभरात नवीनच भानगड सुरू झाली. दुपारी फोन लागेना. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी ठणठणीत, मध्ये मात्र कंपनीची ती रेकॉर्डवरची बाई, नंबर कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे असं सांगायची. दादा मला म्हणाला, "हेच का तुझं पास केलेलं नेटवर्क?" मला झोंबलं.

मी कारणं शोधायला लागले. लाइट जात असेल म्हणून आईला विचारलं, तर ती म्हणाली नाही. केबलवाल्याला विचारलं, तो म्हणाला लाइन चालू आहे. कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या मुलीने मला फोन बंद करून चालू करायला सांगितलं. फोन माझा नाही, साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, हे तिला समजावता समजावता माझंच डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, उन्हाने तो डबा तापत असेल. मग वाटलं, दुपारी हमरस्त्यावर ट्रकवाले जेवायला थांबतात, ते सगळे फोन घेऊन बसत असतील, एका नळावर सगळ्यांच्या बादल्या. पण डब्याचा आणि ट्रकवाल्यांचा काय संबंध? आईला खोदून विचारलं की ती म्हणायची, "असेल काहीतरी. तुमच्या मशिनींचं मला काय कळतंय." बाईने आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं होतं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

दादाने मात्र निकाल लावला. "रविवारी जातो आणि आणतो तिला. खोली रिकामी करून ठेवलीय." मी म्हटलं, मला एकदा बघून येऊ दे. तो म्हणाला, "ये बघून. रविवार काही बदलत नाही."

गुरुवारी रजा टाकली आणि आईला न कळवता मालेगावच्या एस.टी.त बसले. वाटेत फोन हातातच होता. पिंपळगावपर्यंत रेंज फुल, चांदवडच्या चौफुलीवर फुल. उन्हातून चालत घरी पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं तर आई आतल्या खोलीत उघड्या फरशीवर आडवी, एक हात डोक्याखाली, तोंडावर पदर. फडताळात नजर गेली तर डब्यावर एकही दिवा नाही. बटण वर होतं, बंद. मी तशीच उभी राहिले, पदर हलतो का बघत.

"आहे अजून," पदराखालून आवाज आला. "चपला बाहेर काढ."

मी चपला काढून आले. म्हटलं, "आई, वायफाय बंद आहे."

"मीच केलंय."

"का? बिल जास्त येतं म्हणून?"

"बिलाचा काय संबंध?" ती उठून भिंतीला टेकली. केस सुटलेले होते, ते तिने बांधले नाहीत. "हे बघ, नोकरीभर मी पोरांची हजेरी घेतली. आता तुम्ही माझी घेता. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाय दुखतो का. फोन वाजला की मी हजर म्हणायचं. तुमची माया कळते मला, नाही असं नाही. पण जेवण झाल्यावर घटकाभर मला कुणाला काही सांगायचं नसतं. मी आहे का नाही, हेसुद्धा नाही."

"आणि त्या वेळात काही झालं तर?"

"तर चार वाजता शेजारीण येईल, विहारात जायला हाक मारते ती रोज. तिला कळेल." मग म्हणाली, "नाशिकला नेलं तर व्हायचं ते होणार नाही का? तिथे फक्त तुमच्यासमोर होईल."

मला राग आला. इतकी स्कूटरवरची वणवण, तो मोबाइलवाला, ती ग्राहकसेवेतली मुलगी, आणि ही खुशाल बटण बंद करून झोपतेय. मी तिला तसं बोललेही. म्हटलं, निदान मला तरी सांगायचं. ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू दादाला सांगितलं असतंस. मग तो म्हणाला असता, तेवढ्यासाठी कॅमेरा लावू." हे खरंच होतं. आणि मग मला रडू आलं, कारण ती दुपारी अंग टाकायलासुद्धा आमच्या नजरेआड जात होती, आणि ती नजर तिच्या घरात मीच आणून बसवली होती. आई म्हणाली, "रडू नकोस, चहा टाकते. दूध आहे."

चहा उकळत होता तेव्हा मी सवयीने बटणाकडे हात नेला. आई म्हणाली, "पिऊन झाल्यावर." मी हात मागे घेतला. आम्ही दोघी फरशीवर बसून चहा प्यायलो. बाहेर कोणीतरी कांदा साठवायच्या चाळीत काम करत होतं, त्यांचं बोलणं पुसट ऐकू येत होतं. मी माझाही फोन पर्समध्येच राहू दिला.

संध्याकाळी चौफुलीवर बसची वाट बघताना दादाचा फोन आला. कांद्याचे ट्रॅक्टर ओळीने जात होते, मला कानात बोट घालून बोलावं लागत होतं.

"बघितलंस का? पास का फेल?"

"पास आहे," मी म्हटलं. "सकाळ-संध्याकाळ एकदम चोख. दुपारी तेवढं लागत नाही."

"का?"

"मागे डोंगर आहे ना."

मला वाटलं फोन कटला, म्हणून कानापासून काढून बघितलं. रेंज फुल होती.

"डोंगर दुपारीच आडवा येतो का गं?" दादा म्हणाला.

"हो. जेवण झाल्यावर."

पलीकडून त्याचा श्वास नीट ऐकू येत होता.

"मग रविवारचं काय?" मी विचारलं.

"येणार आहे. गाडीला सामान बांधायला दोरी घेतली होती, ती काढून ठेवतो." मग म्हणाला, "तिला सांग, दुपारी येत नाही. संध्याकाळी येतो. रेंज असते तेव्हा."