पुन्हासाहेब आणि वाळूची चार पोती

विमानातली वाळूची पोती अडगळ समजून बाहेर काढणारी बाई मुंबईत एकच झाली असेल, ती मी. तेव्हा चोवीस वर्षांची, अंधेरीची, बी.कॉम., आणि स्वतःच्या टापटिपीवर बेहद्द खूश.

जुहूच्या धावपट्टीलगत आमची लहानशी कंपनी होती. लहान विमानांत फेरफार करायचे आणि उडवून पाहायचं, हे काम. मी कागद टाइप करायची. उडवून पाहणाऱ्या वैमानिकाला सगळे मागून पुन्हासाहेब म्हणत. काहीही मोजून झालं की ते म्हणायचेच, "पुन्हा." मुलुंडहून स्कूटरवर यायचे आणि आल्यावर दहा मिनिटं नुसते बसून राहायचे. मला वाटे, काय हा आळशी माणूस! रस्त्याची घाई डोक्यातून गेल्याशिवाय ते विमानाला हात लावत नसत, हे नंतर कळलं.

चाचणी नीट पार पडली की आम्ही पेढे वाटायचो. साहेब अर्धा कप चहा घेत. "झालं. आता दुसरे उडवतील, निर्धास्त," एवढंच म्हणत. तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

त्या वर्षी एका विमानात पुढच्या बाजूला फवारणीची टाकी बसवली होती. आमचे फोरमन कदम त्यासाठी सहा महिने खपले होते. तोल राहावा म्हणून शेपटाकडच्या खणात वाळूची चार छोटी पोती ठेवली. साहेबांनी ती मोजली, पुन्हा मोजली, कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पूजेसाठी मी विमान आतून झाडलं, पोती ओढत कोठीत नेली, हार घातला आणि घरी जाऊन स्वतःचं कौतुकही सांगितलं.

दसऱ्यानंतर चाचणी. विमान धावलं, पण नाक उचलेना. धावपट्टीच्या टोकाची भिंत जवळ आली तसं साहेबांनी ते कसंबसं थांबवलं. कदम खालमानेने म्हणाले, टाकीच चुकली, काढून टाकतो. कागदावर सही होती, त्यामुळे खण उघडून बघायचं कोणाला सुचलं नाही. मला मात्र कोठीतली पोती आठवली.

गप्प बसले असते तर नोकरी वाचली असती. माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे, पण सगळं सांगितलं. कदमांनी माझ्याकडे पाठ फिरवली. साहेबांनी कागदावरची आपली सही पाहिली. मग म्हणाले,

"उद्या पोती तूच ठेव. मी पुन्हा मोजेन, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आज मोजली नाहीत, ती चूक माझी."